मार्केटिंग सोडायचं ठरलंय, पण जायचं कुठे: डोंगरात की संस्थेत?

पस्तिशीच्या आसपासचं वय, पुणे किंवा मुंबई, ब्रँड नाहीतर डिजिटल मार्केटिंगमध्ये दहा-बारा वर्षं, पगार बरा, घराचा हप्ता चालू आणि जमेल तो रविवार सह्याद्रीत. या माणसाला कधीतरी वाटायला लागतं की शाम्पूचा खप दोन टक्क्यांनी वाढला काय नि घटला काय, आपलं त्यात काय? मग तो मित्रांना सांगतो, "सोडतोय. काहीतरी अर्थपूर्ण करायचंय, डोंगरात राहायचंय."

एका दमात म्हटल्यामुळे ही एकच इच्छा वाटते. प्रत्यक्षात त्या दोन आहेत, आणि त्यांचे रस्ते वेगवेगळ्या गावांना जातात. डोंगरातलं काम बहुतेक वेळा पर्यटनाचा धंदा असतो. अर्थपूर्ण काम बहुतेक वेळा टेबलाशी बसून होतं. म्हणून आधी एवढं बघा: सोमवारी सकाळी ऑफिसात शिरताना तुम्हाला उबग येतो तो कामाचा, की छताचा? उत्तर 'छताचा' असेल तर पुढचा पहिला भाग तुमच्यासाठी आहे, 'कामाचा' असेल तर दुसरा.

डोंगरात पोटासाठी

इथे पुन्हा दोन फाटे आहेत: प्रशिक्षक किंवा लीडर म्हणून दुसऱ्याकडे काम करणं, किंवा स्वतःची ट्रेकिंग कंपनी काढणं.

पहिल्यासाठी पात्रता लागते, आणि रविवारच्या ट्रेकचा कितीही अनुभव असला तरी ती त्यात धरली जात नाही. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना 1965), दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (1954) किंवा मनालीची संस्था यांपैकी कुठेतरी 'बेसिक', म्हणजे गिर्यारोहणाचा पहिला कोर्स, करावा लागतो. चार आठवडे, पाठीवर ओझं, पहाटेची शिट्टी, आणि निम्म्या वयाच्या पोरांबरोबर मेसच्या रांगेत. बेसिकला 'ए' ग्रेड मिळाली तरच 'ॲडव्हान्स'ला प्रवेश, तिथे पुन्हा 'ए' असेल तरच शिकवण्याचा कोर्स. बॅचेस महिनोन्‌महिने आधी भरतात आणि वयाची वरची मर्यादा चाळिशीच्या आसपास असते. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी विचार सुरू करणाऱ्याने अडतिसाव्यापर्यंत तो लांबवू नये. शिवाय डोंगरातल्या प्रथमोपचाराचा रीतसर कोर्स हवा. मसुरीच्या हनिफल सेंटरमध्ये 'नोल्स' या अमेरिकी संस्थेचे असे कोर्स होतात. छोटा दोन दिवसांचा, मोठा आठ-दहा दिवसांचा. मोठाच करा. लीडर म्हणून तुमच्याकडे काय आहे असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखी ती पहिली गोष्ट आहे.

एवढं करून मिळतं काय? हंगामी काम आणि दिवसावर मोजलेले पैसे. हिमालयाचा मुख्य हंगाम मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, शिवाय थोडे हिवाळी ट्रेक. मुलांची उन्हाळी सुट्टी आणि दसरा-दिवाळीच्या आसपासचे दिवस यातच येतात. लोकांची सुट्टी हाच तुमचा कामाचा दिवस, हे घरच्यांना आधी सांगितलेलं बरं. आणि जो डोंगर तुम्हाला आवडतो तो फारसा वाट्याला येत नाही. एकच वाट पुन्हापुन्हा, मागे राहिलेल्या माणसाच्या चालीने, कुणाचं पोट बिघडलंय आणि कुणाचा बूट फाटलाय हे बघत. ज्यांना माणसांना वर नेण्यात रस आहे त्यांना हे काम फार आवडतं. ज्यांना स्वतःला वर जायचंय, ते दुसऱ्या वर्षी चिडचिडे होतात.

धोक्याबद्दल एकच सांगतो. ऑक्टोबर 2022मध्ये उत्तरकाशीच्या संस्थेची तुकडी 'द्रौपदी का डांडा'वर हिमस्खलनात सापडली, 25हून अधिक जण गेले. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांच्यात होत्या. कौशल्याने धोका कमी होतो, पण हे काम पोटापाण्याचं झालं की तुम्ही धोक्याच्या जागी उभे राहता ते तास कितीतरी पटीने वाढतात.

आता स्वतःची कंपनी. मार्केटिंगवाल्याला हा फाटा सगळ्यात जवळचा वाटतो, कारण इन्स्टाग्राम त्याला येतं. समजा पुण्याहून एका दिवसाचा पावसाळी ट्रेक, डोई 1,200 रुपये, 25 जण. जमा 30,000. बसचे 13,000, दोन लीडर धरून 27 जणांचा नाष्टा-जेवण 300 रुपयांप्रमाणे 8,100, लीडरचे 3,000, गावातल्या वाटाड्याचे 1,000. हातात उरले 4,900, आणि यातून जाहिरात, दोर-हार्नेसची झीज, विमा, हिशेबनीसाची फी. शुक्रवारी रात्री हवामान खात्याचा इशारा आला आणि 8 जण गळाले, तर जमा 20,400 आणि खर्च 22,700. बस तेवढीच लागते. आकडे नमुन्याचे आहेत, पण गणित असंच चालतं. भाव वाढवावा म्हटलं तर शेजारचा 999 ला नेतोच आहे.

त्यात सरकारी बाजू. राज्याच्या 2021च्या साहसी पर्यटन धोरणानंतर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ते योग्यच आहे, पण त्यासाठी कागद आणि पैसा लागतो. हंगाम एका आदेशाने बंद पडू शकतो हे त्याहून मोठं. जून 2024 च्या अखेरीला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, आणि पुणे जिल्हा प्रशासनाने ऐन पावसाळ्यात पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. उत्तराखंडमध्ये 2018 साली उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आणि रूपकुंडसारखा भरभरून चालणारा ट्रेक विक्रीच्या यादीतून गेला. दोन्ही निर्णयांमागची कारणं मला पटतात. ज्याचं घर त्याच वाटेवर चालतं त्याला मात्र पटून भागत नाही.

आणि इतकं करून तुम्ही दिवसभर करता काय? रील, लीड, रिफंड, रेटिंग. ज्या मार्केटिंगला कंटाळून निघालात तेच, फक्त पगाराविना. ज्याला धंद्याची हौस आहे त्याने जरूर करावं. धंद्यापासून सुटका म्हणून करू नये.

संस्थेत

सामाजिक क्षेत्रात जायचं म्हटलं की आपल्याकडे गडचिरोलीचं 'सर्च' किंवा बाबा आमट्यांचं आनंदवन डोळ्यांपुढे येतं. तिथल्या मंडळींनी आयुष्य दिलंय. नोकरी बदलणाऱ्याने स्वतःची तुलना त्यांच्याशी करायची गरज नाही. आज या क्षेत्रात पगारी कामं बरीच आहेत. एक कारण कंपनी कायद्याचं कलम 135. ठरावीक उलाढाल, मालमत्ता किंवा नफा असलेल्या कंपन्यांना 2014पासून मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावी लागते. तो पैसा मिळवायला, वापरायला आणि त्याचा हिशेब द्यायला माणसं लागतात, आणि कंपनीशी तिच्या भाषेत बोलू शकणारी माणसं संस्थांमध्ये कमी असतात.

तुमची किंमत इथेच आहे. अर्थात शिकण्यासारखंही बरंच आहे. कंपनीने आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर म्हणून धरता येत नाही, हे नियमात स्पष्ट लिहिलंय. पहिल्याच बैठकीत "लोगो कुठे लावू?" असं विचारणारा मार्केटिंगवाला तिथेच उघडा पडतो.

मार्केटिंग आणि चांगलं काम एकत्र कसं येतं याचं जवळचं उदाहरण पानी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे गावांमधली जलसंधारणाची स्पर्धा. 2016मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या 3 तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा 2018पर्यंत 75 तालुक्यांत गेली. ऐन उन्हात 45 दिवसांची मुदत, गावागावांत चुरस, बक्षीस, टीव्हीवरचा कार्यक्रम, सेलिब्रिटी. एखाद्या ब्रँडच्या कॅम्पेनमध्ये असतं ते सगळं त्यात होतं. पाणलोटाचं शास्त्र जुनंच आहे, बाएफ आणि वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टसारख्या संस्था ते अनेक वर्षं करत आल्यात. स्पर्धेने त्यात ईर्षा घातली. नुसत्या ईर्षेने भूजल वाढत नाही, पाणी मुरल्यावर कोण उपसतं हाही प्रश्न उरतोच, अशी टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. तरी हजारो माणसं भर एप्रिल-मेमध्ये कुदळ घेऊन येतात, ही मोहीम आखणाऱ्याची कमाई म्हणायला हरकत नाही.

पगाराचं बोलू. निम्म्यावर यायची तयारी ठेवा, काही ठिकाणी त्याहून खाली. हे संस्थेच्या कंजूषपणामुळे होतंच असं नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50वरून 20 टक्क्यांवर आणली. देशी देणगीदारालाही आपला रुपया शाळेत किंवा बंधाऱ्यात गेलेला बघायचा असतो, कम्युनिकेशन मॅनेजरच्या पगारात नव्हे. त्यामुळे तुमची जागा कुठल्या तरी तीन वर्षांच्या प्रकल्पाला टाचलेली असते. मुलाखतीत लाजू नका, विचारा: "माझा पगार कुठल्या निधीतून येणार आणि तो कधीपर्यंत आहे?"

फेलोशिपच्या वाटेने आत शिरू असं वाटत असेल तर वय बघा. एसबीआय यूथ फॉर इंडिया 21 ते 32 वयासाठी आहे, 13 महिन्यांची. मुख्यमंत्री फेलोशिप 21 ते 26. पस्तिशीला हे दरवाजे बंद झालेले असतात, थेट नोकरीच शोधावी लागते.

आणि दिवस कसा जातो? एक्सेल, प्रपोजल, तिमाही अहवाल, ट्रस्टींची बैठक, मधूनच फील्ड. फील्ड म्हणजे एसटी नाहीतर संस्थेची बोलेरो, एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात गटाची बैठक, आणि तीन तास उशिरा आलेले सरपंच. डोंगर दिसतो, खिडकीतून. बाहेर राहण्याची भूक असलेला माणूस इथे येऊन पुन्हा छताखालीच बसतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कामाचा अर्थ मात्र मिळतो, हळूहळू आणि सलग नव्हे.

नोकरी तशीच ठेवून

हा पर्याय भित्र्यांचा मानला जातो. मला तसं वाटत नाही. महाराष्ट्रात डोंगर आणि अर्थपूर्ण काम ही दोन्ही खरोखर एकत्र कुठे येतात? बचावकार्यात. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, आणि राज्यभरच्या गिर्यारोहण संस्थांना जोडणारं समन्वय केंद्र. जुलै 2018मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वर ट्रेकर्सची मुलं दोर लावून खाली उतरली होती. ही माणसं एरवी दुकान चालवतात, हॉटेल बघतात, नोकरी करतात. या कामाला पगार नाही. म्हणजे ज्या जागी तुमच्या दोन्ही इच्छा पुऱ्या होतात, तिथे पोचायला पोटाची सोय दुसरीकडून करावी लागते. हीच गोष्ट राजीनामा लिहिताना नजरेआड होते.

तुमच्याकडे नोकरी आहे, साठलेली रजा आहे. बेसिकचे चार आठवडे त्या रजेत बसतात. अनेक कंपन्या बिनपगारी सुट्टीही देतात, फक्त मागावी लागते. पुण्यात गिरिप्रेमीसारख्या संस्थेशी जोडून घेतलं तर दोर हाताळण्याची शिस्त नोकरी न सोडता येते. याची खरी अडचण वेळेची नाही, डोक्याची आहे: कातळाला बिलगलेले असताना खिशात फोन थरथरतो. ते ज्याला सोसत नाही त्याला हा पर्याय वर्षानुवर्षं कुरतडत राहतो, आणि मग सोडलेलंच बरं.

मधली एक वाटही आहे. एखाद्या संस्थेसाठी आठवड्याचे तीन दिवस निधी उभारणी किंवा संवादाचं काम सल्लागार म्हणून, बाकी दिवस मोकळे. पैसे पूर्ण पगाराइतके नाहीत, पण मंगळवारचा हरिश्चंद्रगड मिळतो, आणि रविवारची जत्रा बघितलेल्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. घरात दुसरी नियमित मिळकत असेल आणि हप्ता संपत आला असेल, तर माझं मत या वाटेला. एकट्याच्या पगारावर घर असेल तर नोकरी ठेवा आणि आधी कोर्स करा.

विम्याचं कलम मुद्दाम वाचा. कंपनीची आरोग्य पॉलिसी नोकरीबरोबर संपते. वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ती नोकरीत असतानाच घ्या. आणि आपल्याकडच्या आरोग्य पॉलिसींमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं: 'व्यावसायिक म्हणून' धोकादायक किंवा साहसी खेळात भाग घेतल्याने झालेला उपचारखर्च मिळणार नाही. यादीत प्रस्तरारोहण, गिर्यारोहण, राफ्टिंग सगळं आहे. म्हणजे हौशी म्हणून पाय मोडला तर एक हिशेब आणि लीडर म्हणून मोडला तर दुसरा. वेगळा अपघात विमा घेताना एजंटला हेच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

राहिल्या तारखा. बोनस बऱ्याच कंपन्यांत एप्रिल-मेमध्ये खात्यात येतो, नोटीस दोन-तीन महिन्यांची. मेमध्ये कागद ठेवला तर ऑगस्टमध्ये मोकळे. पाच वर्षं पुरी व्हायला थोडे महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबा, रक्कम लहान नसते. संस्थेत जाणाऱ्याला ऑगस्ट सोयीचा, कारण नव्या वर्षाचा सीएसआर निधी तोवर मंजूर होऊ लागतो आणि जागा निघतात. डोंगरात जाणाऱ्याने शरदातली बेसिकची बॅच त्याच्या कितीतरी आधी, नोकरीत असतानाच, पैसे भरून पक्की केलेली असावी.