केशवराव भोसले नाट्यगृह, कोल्हापूर : जळालेल्या थेटराचा रिव्ह्यू

स्टार किती द्यायचे इथंच गाडी अडली, कारण ज्या थेटराबद्दल लिहितोय ते आम्ही बघितलं तसं आता उभंच नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, स्टेज गेलं, छप्पर खाली आलं, राहिल्या त्या दगडी भिंती. आणि दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, म्हणजे ज्यांचं नाव थेटराला आहे त्या संगीत नाटकातल्या गायक नट केशवरावांची जयंती. ज्या दिवशी फोटोला हार घालायचा त्या दिवशी निम्मं गाव तिथं रडत उभं होतं, त्यात नाटकवाले तर होतेच पण जन्मात कधी तिकीट काढून नाटक न बघितलेली माणसंपण होती.

तरी रिव्ह्यू म्हणजे रिव्ह्यू, म्हणून आधी थेटराबद्दलच लिहितो. या जागेची खरी किंमत आवाजात होती. मधे एक खांब नाही, कुठंपण बसा, स्टेज दिसणार म्हणजे दिसणार, आणि जुन्या काळातल्या नटांनी माईक नसताना इथं पदं म्हटलीत ती मागच्या रांगेपर्यंत जायची असं घरातली म्हातारी माणसं सांगायची, ते खोटं वाटायचं नाही कारण आमच्या वेळेलापण नट हळू बोलला तरी मागं कळायचं. नोकरीच्या गावात एका चकाचक हॉलमध्ये नाटक बघितलं, एसी एवढा की शाल घेऊन बसावं आणि चौथ्या रांगेत बसून नायिका काय बोलली ते शेजारच्याला विचारावं लागलं! तेव्हा पटलं की आपल्याकडं काय होतं.

लोकेशनला तर फुल मार्क. शेजारी खासबाग मैदान, म्हणजे भिंतीच्या एका अंगाला कुस्ती आणि दुसऱ्या अंगाला संगीत नाटक, हे असलं कॉम्बिनेशन फक्त कोल्हापूरलाच सुचू शकतं. नाटक सुटलं की खाऊगल्ली, तिथं भेळ खात सगळ्या नटांची मापं काढायची. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत तर परीक्षकांच्या आधी निकाल तिथंच लागायचा 😄

आता मुद्द्याचं. आग लागल्यापासून प्रत्येकाचं एकच, "जसंच्या तसं पाहिजे". खरं सांगू का, मला हे पटत नाही, कोणाला राग आला तर येऊ दे. जसंच्या तसं म्हणजे नेमकं कुठलं? शाहू महाराजांनी १९१५ ला उघडलं ते पॅलेस थिएटर होतं, केशवरावांचं नाव नंतर लागलं. नाव बदललं, दिवे बदलले, खुर्च्या बदलल्या, मधे नूतनीकरणंपण झाली, आणि प्रत्येक वेळी आपण नव्याला आपलंच म्हणून बसलो की. माझ्या आजोबांचं थेटर वेगळं होतं आणि माझं वेगळं, फक्त पत्ता सेम.

आणि महाराजांनी काय केलं तेपण बघा. १९०२ ला विलायतेला गेले, रोमचं ते गोल मैदान बघितलं आणि इथं येऊन खासबाग बांधलं, मग शेजारी थेटर. त्या काळातलं सगळ्यात नवं आणि सगळ्यात भारी ते त्यांनी आणलं, जुनं जपायचं म्हणून नाही. आपण त्यांच्याच नावानं जुन्या लाकडासाठी हट्ट धरायचा हे जरा उलटंच झालं न्हवं का. दगडी भिंती राहू देत, त्याबद्दल वाद नाही. पण वायरिंग, आग विझवायची सोय, बाहेर पडायचे दरवाजे हे सगळं आजचं पाहिजे, आणि दर्शनी भाग हुबेहूब झाला पण आत आवाज घुमायला लागला तर त्या हुबेहूबला काय करायचं? फोटो काढायला?

केशवरावांचंच घ्या. १८९० ला जन्म, १९२१ ला गेले, पुरती एकतीस वर्षं. त्याच वर्षी जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर मानापमान नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. दोन कंपन्या, दोन राजे, एका स्टेजवर. आणि तीन महिन्यांत माणूस संपला. ललितकलादर्श, म्हणजे केशवरावांची नाटक कंपनी, तरी थांबली नाही, ती बापूराव पेंढारकरांनी पुढं चालवली, त्यांच्या मागं भालचंद्र पेंढारकरांनी. केशवरावांसारखाच गळा पाहिजे म्हणून कोणी अडून बसलं असतं तर पुढचं एक नाटक झालं नसतं.

मला जुनं आठवत नाही असं नाही हो. खासबागेवरनं जाताना मान आपोआप तिकडं वळते आणि नको ते दिसतं. पण मी आता कोणाला जुने फोटो फॉरवर्ड करत नाही, आलेले बघतो आणि पुढं सरकतो, लई बरं वाटतं.

तर रेटिंग : जुन्या थेटराला पाच, त्यावर चर्चा नाही. नव्याला आत्ता काहीच नाही, उगाच सेंटिमेंटवर स्टार वाटायचे नसतात. पहिल्या प्रयोगाला शेवटच्या रांगेचं तिकीट काढणार, आणि तुम्हीपण तिथंच बसा, पुढच्या रांगा पाहुण्यांना जाऊ देत. नट हळू बोलला आणि ऐकू आलं तर येऊन हाच रिव्ह्यू एडिट करतो, आणि नाही आलं तरी करतो, मग मात्र शिव्या वाचायची तयारी ठेवा.