फुकटचं टेम्प्लेट घ्यायचं, पण कोणतं?

परळला छपाईच्या दुकानात काउंटरवर बसून मला बारा वर्षं झाली. पूर्वी लोक हाताने लिहिलेला मजकूर घेऊन यायचे. आता मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "डिझाइन तयार आहे, छापून द्या." त्यांनी रात्र-रात्र जागून ते केलेलं असतं, आणि चूक मशीनवर चढवायच्या वेळी सापडली की त्यांच्याइतकंच मलाही वाईट वाटतं. म्हणून कॅनव्हा, अडोबी एक्सप्रेस (ही दोन्ही ऑनलाइन डिझाइन करायची), वर्ड-गूगल डॉक्स आणि लेबलांची टेम्प्लेट (म्हणजे तयार साचे) ही चार फुकट मिळणारी साधनं छापणाऱ्याच्या बाजूने शेजारी-शेजारी ठेवून बघतोय.

साधन निवडण्याआधी छापणार कुठे ते ठरवा. घरच्या प्रिंटरवर वीस-पंचवीस प्रती, दुकानातल्या डिजिटल मशीनवर शे-दोनशे, की ऑफसेटवर, म्हणजे प्लेटा करून छापायच्या मोठ्या मशीनवर, हजार? घरच्या बहुतेक प्रिंटरना कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही, चारी बाजूंनी तीन ते पाच मिलिमीटर कोरं राहतं. तिथे गडद पार्श्वभूमीचं टेम्प्लेट घेतलं की पांढरी चौकट उरतेच. प्रेसमध्ये कडेपर्यंत रंग देता येतो, पण मग कटिंगसाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग सोडावा लागतो. त्यालाच ब्लीड म्हणतात. आणि ऑफसेटच्या प्लेटा चार रंगांच्या निघतात, त्यामुळे फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या हिशोबात, असलेली बरी.

या कसोटीवर कॅनव्हाचं फुकट खातं चांगलंच उतरतं. 'पीडीएफ प्रिंट' निवडलं की ब्लीड आणि क्रॉप मार्क (कुठे कापायचं त्याच्या खुणा) यांच्यासकट फाइल मिळते, तेही पैसे न भरता. पैसे लागतात ते सीएमवायकेला, तयार डिझाइनचा आकार एका फटक्यात बदलायला आणि फोटोमागची पार्श्वभूमी काढायला. शिवाय मुकुटाची खूण असलेलं चित्र फुकट खात्यात छापलंत तर त्यावर जाळीसारखा शिक्का येतो, तेव्हा निवडतानाच बघून घ्या. आकाराचं तर सुरुवातीलाच पक्कं करा. व्हिजिटिंग कार्ड आपल्याकडे बहुधा ३.५ × २ इंचाचं असतं, पण काही प्रेसचा साचा ९० × ५४ मिलिमीटरचा असतो. प्रेसला एक फोन करा आणि तोच आकार टाकून कोरं पान उघडा. एवढं फुकट खात्यात होतं.

रंगाचं एक सांगतो. पडद्यावर लखलखणारा राणी रंग किंवा निऑन हिरवा छपाईत तसा येतच नाही, मळकट होतो. शंभर कार्डं डिजिटलवर असतील तर चालवून घेता येतं. ऑफसेटवर हजार काढायची असतील आणि फाइल फुकट खात्यातली असेल, तर प्रेसवाल्याला सांगून ती सीएमवायकेत बदलून घ्या आणि प्रूफ (छापलेला नमुना) बघितल्याशिवाय हो म्हणू नका. बारीक काळ्या मजकुरालाही हे लागू आहे. तो चार रंगांत फुटला आणि प्लेट केसभर सरकली, की अक्षरांना लाल-निळी कड येते.

अडोबी एक्सप्रेसचं मला आवडलेलं म्हणजे फोटोची पार्श्वभूमी फुकटात निघते. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा बॅनर किंवा सोसायटीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं, म्हणजे ज्यात फोटो मुख्य आणि मजकूर चार ओळींचा, तिथे मी ते सुचवतो. कार्डासारख्या मोजून-मापून करायच्या कामाला मात्र कॅनव्हा.

दोन्हींकडची टेम्प्लेट मुळात इंग्रजीसाठी केलेली, आणि आपल्याला छापायचं असतं मराठी. खरी अडचण इथे येते. मागच्या वैशाखात एक गृहस्थ मुलाच्या मुंजीची पत्रिका घेऊन आले. वर 'व्रतबंध' असं मोठं शीर्षक, पण प्रत्येक अक्षराची शिरोरेखा सुटी, जणू शब्द कात्रीने कापून ठेवलाय. मूळ टेम्प्लेटमध्ये इंग्रजी मोठी अक्षरं ऐसपैस मांडलेली होती आणि त्यांच्यातलं ते अंतर मराठीलाही तसंच लागलं होतं. अक्षरांतलं अंतर शून्यावर आणलं आणि एका मिनिटात शब्द जुळला. ओळींमधलं अंतर मात्र उलट वाढवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. गोलाकार मजकूर देवनागरीत करूच नका, शिरोरेखा वाकत नाही, तुटते.

फॉन्टही बदला. टेम्प्लेटच्या इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर भलताच फॉन्ट येऊन बसतो. मुक्ता आणि बलू हे आपल्या मुंबईतल्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले फॉन्ट कॅनव्हा आणि गूगल डॉक्स दोन्हींत मिळतात आणि छपाईत स्वच्छ येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर गूगल फॉन्ट्सवरचा 'टिरो देवनागरी मराठी' घ्या. शेवटी 'वऱ्हाडी' आणि 'दुसऱ्या' हे शब्द तपासा. साधा र टाइप केला तर 'वर्हाडी' छापून येतं आणि पत्रिका वाटल्यावर कुणीतरी हमखास बोट ठेवतं. जुन्या पत्रिकेतला मजकूर श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये) असेल तर तो इथे चिकटवता येणार नाही, कचरा दिसेल. सरळ नव्याने युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर मराठी लिहितो तसं, टाइप करा.

आता लेबलं. दिवाळीच्या आधी दोन महिने माझ्याकडे फराळ करणाऱ्या बायकांची रीघ असते, आणि लेबलात वर्ड किंवा लेबलांची टेम्प्लेट कॅनव्हापेक्षा सरस ठरतात. लेबलं विकणाऱ्या एव्हरी कंपनीच्या साइटवर फुकट डिझाइन करता येतं. ए-फोर स्टिकर शीटवर २४ लेबलं, प्रत्येक ६३.५ × ३३.९ मिलिमीटर, हा साचा तयार मिळतो. कॅनव्हात तोच साचा हाताने मांडायला अर्धा दिवस जातो. छापताना प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज' असेल तर ते काढून 'अ‍ॅक्चुअल साइज' करा. नुसता तीन टक्के आकार घटला तरी आठ ओळींच्या शीटवर वरच्या आणि खालच्या रांगा चार मिलिमीटर सरकतात, आणि चकलीच्या 'च'वरूनच कात्री जाते. पहिली प्रत साध्या कागदावर काढा, स्टिकर शीटवर ठेवा आणि दोन्ही उजेडाकडे धरून बघा.

सुंदर फुलापानांच्या लेबल-टेम्प्लेटमध्ये आपल्याला लागणाऱ्या गोष्टींना जागाच नसते. पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख आणि वापरायची मुदत, बॅच नंबर, नाव-पत्ता, १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर, चौकोनातला हिरवा ठिपका. हे सगळं कागदावर आधी लिहून काढा आणि मग टेम्प्लेट शोधा. आणि लेबल फक्त मराठीत ठेवू नका, नियमाप्रमाणे माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी, मराठी तिच्या जोडीला. चकलीच्या पाकिटाला तेलाचा हात लागणारच आणि पावसाळी हवेत इंकजेटची शाई पसरते. म्हणून लेबलं लेझरवर काढा, पण लेझरला चालणारी शीट आहे ना ते पाकिटावर वाचून.

पावतीपुस्तक, लेटरहेड, दरपत्रक, पाकिटांवरचे पत्ते या कामांना वर्ड. दीडशे पाहुण्यांचे पत्ते एक्सेलच्या यादीतून मेल मर्जने (यादीतला एकेक पत्ता आपोआप भरणाऱ्या सोयीने) उतरवता येतात, मात्र ती सोय संगणकावरच्या वर्डमध्ये आहे, ब्राउझरमधल्या फुकट वर्डमध्ये नाही. पैसे न भरता हवी असेल तर लिब्रेऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. आणि ज्या ऑफिसात अजून पब्लिशर (मायक्रोसॉफ्टचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर) वापरतात त्यांनी जुन्या फाइली आत्ताच पीडीएफ करून ठेवाव्यात, मायक्रोसॉफ्ट ते ऑक्टोबर २०२६ नंतर बंद करतंय.

लोगोसाठी टेम्प्लेट घेऊ नका. कॅनव्हाच्या टेम्प्लेटवरून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, आणि तोच साचा नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानाच्या पाटीवरही असू शकतो. धंदा वाढवायचा विचार असेल तर तेवढं एक काम डिझायनरकडून करून घ्या. लग्नपत्रिकेचंही तसंच. कोरीव डाय, सोनेरी फॉइल, आत दोन-तीन पानं असं काही मनात असेल तर गिरगावात खाडिलकर रोडवर एक फेरी मारा. तिथे बसलेला डीटीपीवाला (संगणकावर पानं मांडणारा) कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तासाभरात जे करील ते फुकट साधनात आठवडाभर झगडूनही होत नाही. साधी एकपानी पत्रिका किंवा बारशाचं आमंत्रण मात्र खुशाल घरी करा.

फाइल आणताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. मोबाईलच्या आमंत्रणाची रुंदी १०८० पिक्सेल असते, ती नीट छापली तर साडेतीन इंचांपेक्षा फार मोठी होत नाही, आणि फोटो म्हणून पाठवताना दर्जा आणखी घसरतो. पीडीएफ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर आणा. यूपीआयचा क्यूआर छापायचा असेल तर तो पेमेंट अ‍ॅपमधून उतरवून घ्या, भोवतीचा पांढरा भाग ठेवा, रंग बदलू नका, आणि काउंटरवर माझ्यासमोर पहिल्याच प्रतीवर एक रुपया पाठवून बघा.