शोक आणि मृत्युभय: श्रद्धेविना दिलासा शोधणाऱ्याने कोणते पुस्तक निवडावे?

घरात कोणी गेले की पुढचे काही दिवस काय वाचायचे, हे अनेक मराठी हिंदू घरांत आधीच ठरलेले असते. कुठे गरुडपुराण वाचले जाते, कुठे गीतेचा दुसरा अध्याय, आणि भेटायला येणारी माणसे आत्मा अमर असल्याचे समजावतात. त्यांच्या शब्दांत माया असते, यात शंका नाही. परंतु आत्म्यावर आणि परलोकावर ज्याचा विश्वास नाही, त्याला त्या शब्दांचा आधार घेता येत नाही, आणि अशा दिवसांत वाद घालण्याचे त्राणही त्याच्यात नसते. त्याला उपयोगी पडतील अशी पुस्तके आहेत. मात्र निवडीपूर्वी एक भेद करायला हवा, असे मला ठामपणे वाटते. आपले माणूस गेल्याचा शोक आणि आपणही एक दिवस नसू याचे भय ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि एकाला लागू पडणारे पुस्तक दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

भयावरचा फार जुना आणि आजही धारदार युक्तिवाद ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) याचा आहे. मेनिसियसला लिहिलेले त्याचे पत्र अवघ्या काही पानांचे आहे. बरे-वाईट जे काही आहे ते जाणिवेत आहे आणि मृत्यू म्हणजे जाणिवेचा अंत. म्हणून आपण असतो तोवर मृत्यू नसतो आणि तो येतो तेव्हा आपण नसतो, असे तो म्हणतो. इ.स.पू. पहिल्या शतकातल्या ल्युक्रेशियस या रोमन कवीने आपल्या दीर्घकाव्याच्या तिसऱ्या भागात हाच विचार पुढे नेला: जन्मापूर्वीच्या अनंत काळाचे आपल्याला दुःख नाही, मग मृत्यूनंतरच्या काळाचे का असावे? नरकयातनांची लहानपणी बसलेली भीती ज्याच्या बुद्धीतून गेली पण मनातून गेलेली नाही, त्याने ल्युक्रेशियस जरूर वाचावा, कारण तो नेमक्या त्याच भीतीवर तुटून पडतो. ज्याला यातनांचे नव्हे तर नसण्याचेच भय वाटते, त्याचे समाधान या युक्तिवादाने अर्धेच होते.

शोकात तर तो फारसा चालतच नाही. गेलेल्याची जाणीव संपली, हे खरे. पण मागे राहिलेल्याची जाणीव शाबूत असते आणि दुखते ती तीच. इ.स.पू. ४५ मध्ये रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरो याची मुलगी तुलिया वारली, तेव्हा शोक हलका करण्याविषयी जे जे लिहिले गेले होते ते त्याने ॲटिकस या मित्राच्या घरी वाचून काढले, स्वतःच्या सांत्वनासाठी एक ग्रंथही लिहिला, आणि तरीही दुःख या साऱ्यावर मात करते, असे त्याच मित्राला पत्राने कळवले. एवढ्या व्यासंगी माणसाची ही साक्ष असताना, नुकतेच कोणी गेलेल्या घरात युक्तिवादाचे पुस्तक भेट देऊ नये.

तिथे अमेरिकन लेखिका जोन डिडियन यांचे ‘द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग’ (२००५) अधिक योग्य. ३० डिसेंबर २००३ च्या रात्री, मुलगी अतिदक्षता विभागात असताना, त्यांचे पती जॉन ग्रेगरी डन जेवता जेवता कोसळले. डिडियन वाचकाचे सांत्वन करीत नाहीत. त्या फक्त आपल्या मनाचे व्यवहार नोंदवत जातात. पती परत आले तर लागतील, म्हणून त्यांचे बूट देऊन टाकणे त्यांना जमत नाही. आपण भ्रमिष्ट होत आहोत की काय, ही शोकातल्या माणसाची न बोललेली भीती असे प्रसंग वाचून पुष्कळच कमी होते, आणि माझ्या मते या पुस्तकाची खरी किंमत तीच आहे. धीर देणारे बरेच साहित्य त्यांनी चाळले; त्यापेक्षा एमिली पोस्ट यांच्या १९२२ च्या शिष्टाचाराच्या पुस्तकातला अंत्यविधीवरचा भाग त्यांना जवळचा वाटला, कारण त्यात शोकग्रस्ताला ऊब द्यावी, गरम आणि थोडेसेच खायला द्यावे, अशा साध्या सूचना आहेत. चूल न पेटलेल्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात नेऊन देण्याची आपली रीत याच शहाणपणाची आहे, आणि तिच्यासाठी परलोकावर श्रद्धा असावी लागत नाही.

मात्र या पुस्तकात रुग्णालयाचे तपशील पुष्कळ आहेत, ज्यांना ते सोसवणार नाहीत त्यांनी थांबावे. डिडियन यांची मुलगी ऑगस्ट २००५ मध्ये, पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वीच वारली. तिच्यावरचे ‘ब्लू नाइट्स’ (२०११) अधिक निराश आहे. अपत्य गमावलेल्याला ते पहिल्या वर्षात द्यावे, असे मला वाटत नाही.

आई-वडील अजून आहेत पण आजार बरा होणारा नाही, अशा घरासाठी अतुल गावंडे यांचे ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) घ्यावे. शल्यचिकित्सक असलेल्या या लेखकाचे वडील विदर्भातल्या उटी गावचे, आणि त्यांचे शेवटचे आजारपण हा पुस्तकाचा मोठा भाग आहे. रुग्णाला कशाची भीती वाटते, काय मिळवण्यासाठी काय सोडायची त्याची तयारी आहे, हे विचारायला ते शिकवते. माणूस गेल्यानंतर मात्र तेच पुस्तक ‘आपण हे विचारले नाही’ अशी टोचणी लावू शकते.

दोन्ही दुखणी एकत्र आलेल्यांसाठी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम. त्यांचे ‘स्टेअरिंग ॲट द सन’ (२००८) एपिक्युरसचाच आधार घेते, पण निव्वळ विचार पुरत नाही, त्याला माणसांच्या सहवासाची जोड लागते, असे आग्रहाने सांगते. आपल्या वागण्याचे तरंग आपल्यामागे इतरांत पसरत राहतात, ही त्यांची कल्पना अमरत्वाचे आश्वासन न देताही धीर देते. पत्नी मॅरिलिन यांच्यासोबत लिहिलेल्या ‘अ मॅटर ऑफ डेथ अँड लाइफ’मध्ये (२०२१) दोघे आळीपाळीने लिहितात, नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅरिलिन जातात आणि पुढची प्रकरणे ते एकटेच लिहितात. पासष्ट वर्षांचा जोडीदार गमावलेला हा उपचारक तिथे स्वतःच रुग्णासारखा बोलतो. वयस्क विधुर किंवा विधवा वाचकाला मी डिडियनपेक्षा हे आधी देईन. तरुण वाचकाला आणि केवळ भयाने ग्रासलेल्याला २००८ चे पुस्तक पुरे. झोप, जेवण आणि काम महिनोन्महिने विस्कटलेले असेल, तर यांपैकी कोणतेही पुस्तक मनोविकारतज्ज्ञाच्या जागी धरू नये. यालोम स्वतः त्याच पेशाचे आहेत.