घोड्याचं चित्र सुधारायचंय: फोटोवर चौकोन पाडावेत की घोड्यासमोर बसावं?

चित्र पूर्ण झालंय. आयाळीचा केस न् केस काढलाय, डोळ्यात चमक ठेवलीय, तरी भिंतीवर लावलं की काहीतरी खुपतं. घरचे "छान आहे" म्हणतात आणि लहान भाचा विचारतो, "हे गाढव आहे का?" मग हात आपोआप 6B या गडद पेन्सिलीकडे जातो. सावल्या आणखी गडद केल्या की चित्र उठेल असं वाटतं. उठत नाही. गाढव गडद होतं, एवढंच.

वास्तववादी पेन्सिलचित्रातला घोडा शेडिंगमुळे क्वचित बिघडतो. बिघडतो तो सांगाड्यात, म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात. तेव्हा फोटोवरून काम करावं की प्रत्यक्ष घोड्यावरून, हे ठरवण्याआधी आपली चूक कुठली ते शोधा. चित्र उलटं धरून बघा, मग आरशात बघा; नजर सरावलेली असते, ती अशानं जागी होते. कागदाच्या पट्टीवर डोक्याची लांबी घ्या, टाळूपासून नाकपुडीच्या टोकापर्यंत. मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा जमिनीपासून साधारण अडीच डोकी असतो, आणि छातीच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतरही तेवढंच. म्हणजे मोठा घोडा बाजूने पाहिला तर चौकोनात बसतो. बहुतेकांच्या चित्रात तो लांबट आयतात जातो आणि पाय आखूड पडतात.

मापं चुकली असतील तर एक रस्ता, मापं बरोबर असूनही घोडा निर्जीव वाटत असेल तर दुसरा.

फोटो आणि चौकोन

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना आणि बॅनर रंगवणाऱ्यांना ही पद्धत सांगायला नको. फोटोवर चौकोन पाडायचे, कागदावर तितक्याच संख्येने मोठे चौकोन हलक्या H पेन्सिलीने पाडायचे, आणि एकेका चौकोनातली रेघ उतरवायची. मापाची चूक जवळजवळ संपते. रात्री, पावसात, फ्लॅटच्या बाल्कनीत, कधीही काम होतं. घोडा हलत नाही.

धावणारा घोडा काढायचा असेल तर इथे वादच नाही, फोटोच घ्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात फ्रेंच चित्रकार जेरिकोचं 1821 च्या एप्सम डर्बीचं, म्हणजे इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र आहे. त्यातले घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. पिढ्यान् पिढ्या चित्रकार तसंच काढत होते. 1878 मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून दौडत्या घोडीचे फोटो घेतले, तेव्हा कळलं की चारही खूर जमिनीवरून सुटतात खरे, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. जेरिकोसारख्या कसलेल्या नजरेला जे पकडता आलं नाही ते आपल्याला रेसकोर्सच्या कठड्याला टेकून पकडता येईल, या भ्रमात राहू नये.

पण फोटोही फसवतो. फोनची मुख्य लेन्स वाइड असते. हातभर अंतरावरून चेहरा टिपला तर नाक फुगतं आणि मागचे पाय खेळण्यातल्या घोड्यासारखे होतात. चौकोन पाडणारा ते सगळं इमानेइतबारे उतरवतो. पाच-सहा मीटर मागे या, झूम करा, फोन घोड्याच्या पोटाच्या उंचीवर धरा. दुसरी अडचण सावलीची. उन्हातल्या फोटोत पोटाखालचा भाग सपाट काळा येतो. प्रत्यक्षात तिथे जमिनीवरून परतलेला उजेड असतो, आणि पोटाची गोलाई त्यानेच कळते.

आणखी एक. इंटरनेटवरचे नमुन्याचे फोटो बहुधा युरोप-अमेरिकेतल्या जातींचे असतात. त्यावरून आपल्याकडचा मारवाडी घोडा काढायला गेलात तर कानापाशीच घात होतो. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टोकं एकमेकांना टेकायला येतात. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथला एक दिवसाचा फेरा हजार डाउनलोडपेक्षा बरा.

समोरचा घोडा

याचे तोटे आधीच सांगतो. पहिल्या पाच-सहा वेळा पदरात काही पडत नाही. घोडा मान फिरवतो, पाय बदलतो, माशा हाकलतो. माथेरानला गेलात तर घोडेवाले "साहेब, राइड?" विचारत राहतात, आणि गर्दीच्या दिवशी त्यांच्या धंद्याच्या मध्ये वही घेऊन बसणं बरंही दिसत नाही. दुपारी गिऱ्हाईक थंडावतं तेव्हा जा, आधी विचारा, मागच्या पायांपासून लांब बसा.

इथे उपयोगी पडणारी एक युक्ती आहे. बांधलेला घोडा हलतो, पण थोड्या वेळाने पुन्हा त्याच ठेवणीत येतो. एक मागचा पाय सैल सोडतो, त्या बाजूचा पुठ्ठा, म्हणजे ढुंगणाचा भाग, खाली झुकतो, मग दुसरा पाय. म्हणून एकाच पानावर चार चित्रं सुरू करायची आणि तो ज्या ठेवणीत परतेल त्या चित्राकडे आपणही परतायचं. तोंडाला तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी, चढवला की डोकं दिसत नाही, पण धड स्थिर मिळतं. खोगीर उतरवल्यावरच पाठीचा खरा उतार दिसतो. आणि खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं, चाललेला असताना नुसतं बघत बसा. केस कुठे कुठल्या दिशेने वळतात आणि भोवरा कुठे पडतो, हे फोटोत तुम्ही पाहिलेलंच नसतं.

मुख्य लाभ वेगळाच आहे. पाय कसा मुडपतो ते इथे कळतं. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट. मागच्या पायाचा टोकदार सांधा म्हणजे टाच. खरे कोपर आणि गुडघा वर, धडाला लागून. घोडा एकेका बोटाच्या नखावर उभा असतो. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, त्याला गळपट्टीचं हाड नसतं. सगळा भार स्नायूंच्या झोळीत. हे एकदा डोक्यात बसलं की खांद्यावरची सावली डागासारखी राहत नाही, तिला कारण मिळतं. इंग्लंडचा चित्रकार जॉर्ज स्टब्ज याने यासाठी मेलेल्या घोड्यांचं महिनोन् महिने शवविच्छेदन केलं आणि 1766 मध्ये त्याची चित्रं छापली. आपल्याला एवढं करायला नको. पण त्याच्या घोड्यांची कातडी आतून भरलेली का वाटते, ते यात आहे.

मधला मार्गही आहे: पुतळा. तो हलत नाही, सपाटही नाही, आणि भोवती फिरता येतं. मुंबईत काळा घोडा चौकात 2017 मध्ये बसवलेला काळा घोडा तर स्वाराविना आहे, त्यामुळे पाठ, मान, पुठ्ठा सगळं मोकळं दिसतं. पुण्यात नानासाहेब करमरकरांचा 1928 चा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे. कातडीची थरथर आणि केस सोडले, तर नवशिक्याला यापेक्षा सोशीक शिक्षक मिळणार नाही.

मग कुणी काय निवडावं

आठवड्यावर वाढदिवस आहे आणि कुणाला त्याच्याच घोड्याचं चित्र भेट द्यायचंय? चौकोन पाडा, संकोच नको. पट्टीची परीक्षा चित्राने पास केली, पण घोडा भुसा भरल्यासारखा दिसतो? महिनाभर फोटो बंद, वही घेऊन बाहेर. दोन्ही चुका असतील तर मी आधी पुतळ्याकडे पाठवीन. तुम्ही चौकोनांवर वर्षानुवर्षं काम करत असाल आणि त्यांच्याशिवाय हात चालत नसेल, तर फोटो समोर ठेवूनच पण चौकोनांविना काढा. पायांच्या मधल्या रिकाम्या जागांचे आकार आधी काढायचे, पाय नंतर. मला स्वतःला सर्वांत जास्त फायदा यातूनच झाला.

डोळ्याचं मात्र दोन्ही रस्त्यांवर सारखंच. घोड्याची बाहुली आडवी असते, गोल नाही, आणि डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. माणसाचा डोळा बसवला की सगळी मेहनत वाया.

साधनांवर थोडक्यात. A4 आकार, कुमैत (तांबूस-तपकिरी) किंवा पांढरा घोडा, बारकावे हवेत: ग्राफाइट, म्हणजे नेहमीची पेन्सिल, HB ते 4B. पांढरे केस खोडरबरने काढण्यापेक्षा संपलेल्या रिफिलने आधी कागदावर दाबून घ्या, वरून शेड फिरवली की ते कोरे राहतात. A3 हून मोठं चित्र आणि काळा घोडा: चारकोल, म्हणजे कोळशाची पेन्सिल. ग्राफाइटचा काळा रंग ट्यूबलाइटखाली चमकतो आणि काळ्याचा करडा होतो. हे आधीच ठरवा, कारण ग्राफाइटच्या गुळगुळीत थरावर चारकोल नीट धरत नाही. बोटाने घासणं दोन्हीकडे टाळा. घोड्याची कातडी तुकतुकीत असते, धुरकट नव्हे.

राहिलं ते जुनं चित्र. मापं चुकली असतील तर दुरुस्ती करत बसू नका, नव्या कागदावर सुरुवात करा. खोडून खोडून चित्रकलेच्या कार्ट्रिज पेपरला लव सुटते आणि तिथली शेड कायम डागाळलेली दिसते. पण चेहरा साधला असेल आणि फक्त पाय बिघडले असतील, तर फ्रेमवाल्याकडून माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, मान-छातीपर्यंतच कापून घ्या. पाय आत झाकलेले राहतील. भाच्याला सांगू नका.