हर्बल पेस्ट, लवंगेचं तेल, माउथवॉश आणि वॉर्डातला ब्रश: कशाला किती गुण

हर्बल टूथपेस्टची ट्यूब हातात आली की आधी ती उलटी करा. पुढच्या बाजूला पानं, फुलं, मुळ्या असतात. कामाची ओळ मागे बारीक अक्षरात असते. तिथे सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट यांपैकी एक नाव शोधायचं. सोडियम फ्लोराइड 0.32 टक्के असेल तर ते साधारण 1450 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड, 0.22 टक्के असेल तर 1000. मोनोफ्लोरोफॉस्फेटचं गणित वेगळं: 0.76 टक्क्यांना 1000 आणि 1.1 टक्क्यांना 1450 च्या आसपास. मोठ्या माणसाला रोजच्या वापरासाठी 1000 ते 1500 पीपीएमची पेस्ट हवी. यातलं काहीच छापलेलं नसेल, तर ती पेस्ट फेस करेल, तोंडाला चांगला वास देईल, पण दात किडू न देण्याचं मुख्य काम तिच्याकडून होणार नाही. अशा पेस्टला 10 पैकी 3, आणि तेही खरं तर ब्रशचे.

कारण समजून घेतलं तर हे गुण कंजूष वाटणार नाहीत. साखर खाल्ल्यावर जिवाणू आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. लाळ ते परत भरून काढत असते. फ्लोराइड ही भरपाई वेगाने घडवतं आणि नव्याने बसलेला थर आम्लाला जास्त दाद देत नाही. कडुनिंब, लवंग, पुदिना यांचे अर्क जिवाणूंची वाढ काही प्रमाणात रोखतात, हिरड्यांची सूजही थोडी उतरवतात. झिजलेलं कवच भरून काढणं हे त्यांचं कामच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली ती याच कामासाठी. कडुनिंब आणि फ्लोराइड दोन्ही असलेली पेस्ट खुशाल घ्या, तिला 8 गुण. आक्षेप आहे तो ‘फ्लोराइडमुक्त’ हा शब्द सद्गुण म्हणून छापण्याला.

वापरताना एक चूक जवळजवळ सगळे करतात: ब्रश झाला की खळखळून चूळ भरतात आणि फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. फेस थुंकून टाकायचा आणि थांबायचं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. कोळशाच्या पेस्टबद्दल एकच सांगणं आहे: काळा रंग गेला म्हणजे दात पांढरा झाला असं नाही. वरचे डाग घासून निघतात, कवचही घासलं जातं, आणि हिरडी खाली सरकलेली असेल तर मुळाचा मऊ भाग आधी झिजतो.

लवंगेचं तेल

वनौषधींमध्ये दंतवैद्यकाने मनापासून स्वीकारलेली ही एकच बाटली. लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉल असतं आणि ते नसेची संवेदना तात्पुरती बोथट करतं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुई टोचण्याआधी हिरडीवर लवंगेचा जेल लावला, तर तो बधिर करणाऱ्या 20 टक्के बेन्झोकेनच्या जेलइतकाच उपयोगी पडला. झिंक ऑक्साइडच्या पुडीत युजेनॉल कालवून केलेलं तात्पुरतं सिमेंट दवाखान्यात गेल्यावर नाकाला आधी कळतं. दवाखान्याचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो बराचसा त्याचाच.

घरी वापरायची रीत अशी. अर्धा चमचा खाद्यतेलात लवंगेच्या तेलाचे दोन-तीन थेंब. किडलेल्या दाढेत अडकलेलं अन्न कोमट पाण्याने चूळ भरून काढायचं, दाढ कापसाने कोरडी करायची. ओल्या दाढेवर तेल टिकत नाही. मग ज्वारीच्या दाण्याएवढा कापसाचा बोळा तेलात बुडवून, कडेला दाबून निथळून, चिमट्याने थेट खड्ड्यात ठेवायचा. हिरडीवर नाही, गालाच्या आतल्या बाजूला नाही. पाच-दहा मिनिटांत ठणका उतरतो, मग बोळा काढून टाकायचा.

चुकतं ते इथे. घाईत बाटलीतलं निव्वळ तेल बोटाने हिरडीवर चोळलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तिथे पांढरा, सोलवटलेला चट्टा दिसतो. तो भाजल्याचा व्रण असतो. पू समजून त्यावर परत तेल लावलं की व्रण वाढतो. दुसरी चूक जास्त महाग पडते. ठणका थांबला म्हणून दाढ बरी झाली असं धरलं जातं. खूप दुखणारी दाढ अचानक गप्प झाली, तर बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि संसर्ग मुळाच्या टोकाकडे निघालेला असतो. गालाला सूज, ताप, तोंड पुरतं न उघडणं, गिळताना त्रास, यांतलं काहीही दिसलं तर तेलाची बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि दवाखान्यात गेल्यावर तेल लावल्याचं सांगायचंच, कारण युजेनॉल पांढऱ्या कॉम्पोझिट फिलिंगला नीट घट्ट होऊ देत नाही.

लहान मुलांच्या हिरड्यांना हे तेल लावू नका आणि बाटली त्यांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. 5 ते 10 मिलीलिटर तेल पोटात गेल्याने बाळांना झटके आल्याच्या, यकृत निकामी होण्यापर्यंत पाळी आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. एक रात्र निभावण्यासाठी 10 पैकी 8. आठवडाभराचा इलाज म्हणून शून्य.

माउथवॉश

हर्बल माउथवॉशची तुलना नेहमी क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशक चुळीशी होते, म्हणून आधी तेच बघू. 0.2 टक्क्यांचं असेल तर 10 मिली, 0.12 टक्क्यांचं असेल तर 15 मिली, अर्धा ते एक मिनिट तोंडात खेळवायचं, दिवसातून दोनदा. त्याचा रेणू दाताला, हिरडीला, जिभेला चिकटतो आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहतो, म्हणून दोनदा पुरतं. याच चिकटण्यातून त्रासही येतो: दोन-तीन आठवड्यांत दातांवर तपकिरी डाग, जिभेची चव बदललेली, किटण जास्त साचणं. पेस्टमधल्या फेस करणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटने ते निकामी होतं, म्हणून ब्रश आणि ही चूळ यांत निदान अर्धा तास हवा. ‘एवढं महिनाभर वापरलं, काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ब्रश झाल्या झाल्या चूळ भरत असतात. शस्त्रक्रियेनंतर, ब्रश फिरवता येत नसेल अशा एक-दोन आठवड्यांसाठी 9. कायमचा सोबती म्हणून 4.

त्रिफळा, ग्रीन टी, कोरफड, हळद यांच्या चुळांवर चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच ‘क्लोरहेक्झिडीनच्या तोडीचं’ या वाक्यावर संपतात. हे वाक्य बाटलीवर छापलेलं दिसलं तर मागचा अभ्यास कसा झाला ते विचारायला हवं. तीस-चाळीस माणसं, तीन आठवडे, आणि दोन गटांत ठळक फरक आढळला नाही, एवढ्यावरून दोन्ही सारखे ठरत नाहीत. माणसं कमी असली की खरा फरकही नजरेतून सुटतो. शिवाय अभ्यासाच्या सुरुवातीला सगळ्यांचे दात यंत्राने साफ केलेले असतात, त्यामुळे सगळ्यांच्याच हिरड्या सुधारतात. ‘आधी इतका, नंतर इतका’ हे आकडे मग चुळीचे राहत नाहीत, त्या सफाईचे असतात. दोन गट एकमेकांशी ताडलेत का, तेवढंच बघायचं.

मोजणाऱ्या हाताचाही प्रश्न आहे. सिल्नेस आणि लो यांनी 1964 मध्ये दिलेली प्लाकची, म्हणजे दातांवरच्या जिवाणूंच्या चिकट थराची, मोजपट्टी आजही वापरात आहे. 0 म्हणजे थर नाही. 1 म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण प्रोबचं, म्हणजे तपासणीच्या बारीक सळीचं, टोक हिरडीच्या कडेने ओढलं की टोकावर येतो. 2 म्हणजे सरळ दिसतो. 3 म्हणजे भरपूर. आता 1 आणि 2 यांच्या मधली रेघ प्रकाशावर, दात वाऱ्याने किती सुकवला त्यावर आणि तपासणाऱ्याच्या सवयीवर ठरते. म्हणून चांगल्या अभ्यासात तपासणारे आधी तेच तोंड दोनदा मोजून एकमेकांशी जुळतात आणि त्या जुळणीचा आकडा, कॅपा, छापतात. तो छापलेला नसेल तर आम्ही निष्कर्षाला निम्मेच गुण देतो. हळदीच्या चुळीत आणखी एक अडचण: पिवळी जीभ पाहून कोणत्या गटातला माणूस समोर बसलाय हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

एवढं सगळं धरूनही या चुळा टाकाऊ नाहीत. ब्रशच्या जोडीला, डाग न पाडणारी चूळ म्हणून त्या ठीक आहेत, 6 गुण. थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या तेलांच्या चुळीला एक गुण जास्त, कारण तिच्यावर सहा-सहा महिन्यांचे अभ्यास झालेत. थायमॉल म्हणजे ओव्याच्या वासाचा मूळ घटक. तोंड कोरडं पडणाऱ्यांनी मात्र तिची अल्कोहोल नसलेली बाटली घ्यावी.

‘वनस्पतीचं आहे, अपाय काय होणार?’ या प्रश्नाला दंतवैद्यकाच्या इतिहासातच उत्तर आहे. ब्लडरूट नावाच्या वनस्पतीतला सँग्विनारीन हा घटक एकेकाळी पेस्टमध्ये आणि माउथवॉशमध्ये सर्रास असे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तो वापरणाऱ्यांच्या वरच्या ओठाच्या आत, हिरडीलगत पांढरे चट्टे दिसू लागले. चट्ट्यांचा त्याच्याशी संबंध लागल्यावर तो घटक काढावा लागला.

वॉर्डातलं तोंड

रुग्णालयात हाच विषय जिवावरचा होतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या घशात नळी असते, तोंड सतत उघडं, लाळ कमी. दोन-तीन दिवसांत दातांवरच्या थरात रुग्णालयातले जिवाणू वस्ती करतात, नळीच्या कडेने खाली झिरपतात आणि न्यूमोनिया होतो. आयसीयूतही वेगवेगळ्या वनौषधींच्या चुळा तपासल्या गेल्यात. चाचण्या लहान, निकाल संमिश्र. ठोस पुरावा आहे तो साध्या ब्रशचा. 2024 मध्ये छापून आलेल्या, 15 चाचण्या एकत्र करणाऱ्या अभ्यासात ब्रश केलेल्या रुग्णांत न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी निघालं. फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत दिसला, आणि दिवसातून दोनदा ब्रश केला काय, तीनदा केला काय, परिणाम सारखाच. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संस्थांनी तर 2022 मध्येच आयसीयूत क्लोरहेक्झिडीनने तोंड पुसणं शिफारशीतून काढलं आणि ब्रश आवश्यक कामांत घातला.

म्हणून सेवेचं परीक्षण करायचं तर सिस्टरच्या हातात काय आहे ते बघा. काडीवरचा स्पंज असेल तर 10 पैकी 2. तो तोंड ओलं करतो, थर काढत नाही. नीट काम असं दिसतं: डोकं 30 ते 45 अंश उचललेलं, श्वासनलिकेत नळीभोवतीची फट बंद करणाऱ्या फुग्याचा दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाणी (दाबाचं एकक) एवढा असल्याची खात्री केलेली, सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी ओढून घेणारं यंत्र, सुरू. एक जण नळी धरतो, दुसरा लहान डोक्याचा मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून एकेक बाजू घेतो. बाहेरून, आतून, मग जीभ. सक्शनची नळी ब्रशच्या मागोमाग फिरते, घशात पाणी साचू देत नाही. शेवटी ओठांना मलम, आणि नळीचा टेकू दुसऱ्या कोपऱ्याला, म्हणजे एकाच जागी ओठ सोलत नाही.

हे टळतं ते बहुधा आळसामुळे नाही. हिरडीतून रक्त आलं की नवी नर्स घाबरून थांबते, खरं तर सुजलेली हिरडी घासायचीच जास्त गरज असते (रक्त पातळ करणारी औषधं किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर आधी डॉक्टरांना विचारून). नळी हलेल ही भीती असते, रुग्ण ब्रश चावतो, दुसरा माणूस मोकळा नसतो, ब्रश स्टोअरमध्ये कुलपात असतो. ब्रश, सक्शनची टोकं आणि मलम खाटेशी टांगून ठेवलं की काम होण्याची शक्यता लगेच वाढते.

कामगिरी मोजताना तक्त्यावरची टिक मोजली तर टिकच वाढते. शेजारी उभं राहून पाहिलं तर त्या दिवसापुरतं काम सुधारतं. सगळ्यात प्रामाणिक मोजमाप रुग्णाच्या तोंडात असतं. ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणं या आठ गोष्टींना 0 ते 2 गुण देणारी, एकूण 16 ची एक मोजपट्टी प्रचारात आहे. तिच्यात जास्त गुण म्हणजे वाईट अवस्था. दाखल झाल्या दिवशी आणि त्यानंतर ठरावीक दिवसांनी ती भरली तर कोणत्या वॉर्डाला प्रशिक्षण हवं आणि कोणत्या वॉर्डाला माणसं कमी पडताहेत हे वेगळं करता येतं.

कवळीचं काम घरच्या माणसालाही करता येतं. रात्री ती काढायची, मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासायची. पेस्टने नको, ओरखडे पडतात आणि त्यांत बुरशी बसते. धुताना खाली पाण्याने भरलेलं भांडं ठेवा, हातातून निसटली तर फुटणार नाही. मग झाकणाच्या डब्यात, पाण्यात बुडवून, डब्यावर रुग्णाचं नाव लिहून. टिशूत गुंडाळून उशाशी ठेवलेली कवळी सकाळी कचऱ्यात जाते.