फेविकॉल मरीन: सोलापूरच्या उन्हाळ्यात सैल झालेल्या सांध्यांसाठी

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला की घरातील लाकूड आक्रसते, खुर्चीच्या पायांचे आडवे दांडे त्यांच्या भोकांत हलू लागतात आणि बसणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर सांधा आणखी झिजत जातो. अशा सांध्यात खिळा ठोकण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती मला अयोग्य वाटते, कारण वाळलेले लाकूड खिळ्याने चिरते आणि पुढच्या दुरुस्तीची वाटही बंद होते. घरच्या जुन्या सागवानी खुर्च्या आणि स्वयंपाकघरातील घडवंची मी फेविकॉल मरीन हा ओल सोसणारा लाकडाचा गोंद वापरून जोडली. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

नेहमीचा पांढरा फेविकॉल सुक्या जागी उत्तम काम देतो, परंतु सतत ओल लागल्यास तो मऊ पडतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे घरोघरी हंडे-पिंपे भरून ठेवावी लागतात आणि त्यांच्याखालचे लाकूड वारंवार भिजते. अशा घडवंचीसाठी किंवा न्हाणीघराच्या दारासाठी मरीनचे जास्तीचे पैसे मोजणे योग्यच आहे. बैठकीतील खुर्चीसाठी मात्र तो खर्च अनिवार्य नाही.

डबा कोणताही असला तरी सांध्याचे आयुष्य मुख्यतः त्याआधीच्या साफसफाईवर ठरते. हा गोंद आपल्यातील पाणी लाकडात जिरून आणि हवेत उडून घट्ट होतो, त्यामुळे जुन्या गोंदाच्या थरावर लावलेला नवा गोंद लाकडापर्यंत पोहोचतच नाही. फेविकॉल १९५९ साली बाजारात आला. त्यापूर्वी सुतार प्रामुख्याने सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, वितळवून वापरत, आणि जुन्या वाड्यांतील सामानात तो अजूनही सापडतो. सांध्यावर गरम पाण्यात भिजवलेले फडके थोडा वेळ ठेवावे. तपकिरी थर चिकट होऊन सुटू लागला तर तो सरस समजावा; तो गरम पाण्याने पुसून काढावा आणि लाकूड पूर्ण वाळू द्यावे. पांढऱ्या गोंदाचा वाळलेला थर मात्र पटाशीने हलकेच खरवडावा लागतो, आणि हे करताना लाकूड कमी होणार नाही याची काळजी घ्यावी. सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून जोडायचा भाग पॉलिश पेपरने घासल्यावर धूळ झटकून लगेच गोंद लावावा, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये.

उन्हाळ्यात दुपारी हे काम करूच नये. गोंदावर पाहता पाहता साय धरते आणि सांधा आतून कोरडा राहतो. सकाळी लवकर, पंखा बंद ठेवून, दोन्ही बाजूंना पातळ थर लावून जोडणी केल्यास पुरेसा अवधी मिळतो. क्लॅम्प नसेल तर चारही पायांभोवती दोरी गुंडाळून तिला काठीने पीळ द्यावा आणि दोरीखाली जुन्या चादरीची घडी ठेवावी, म्हणजे लाकडावर वळ उठत नाहीत. बाहेर आलेला गोंद त्याच वेळी ओल्या फडक्याने पुसावा, अन्यथा त्या जागी पॉलिश धरत नाही. खुर्ची रात्रभर तशीच ठेवावी आणि पूर्ण वजन दुसऱ्या दिवशीच द्यावे.

या गोंदाची मर्यादाही स्पष्ट आहे: तो पोकळी भरत नाही. दांडा भोकात खुळखुळत असेल तर रंध्याने काढलेला लाकडाचा पातळ पापुद्रा त्याच्याभोवती चिकटवून आधी जाडी भरून काढावी. भोकच फाटले असेल, तर दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी अधिक उपयोगी पडतो. गच्चीवर दिवसभर तापणारे दार किंवा पाण्यात कायम बुडून राहणारे लाकूड यांसाठी मी मरीनची शिफारस करणार नाही, कारण या जातीचा गोंद उष्णतेने काहीसा मऊ होतो आणि सतत ताण असलेला सांधा हळूहळू सरकतो.

घरगुती दुरुस्तीसाठी लहान डबाच घ्यावा आणि दुकानातच त्यावरील उत्पादनाची तारीख पाहावी. उघडलेला डबा पत्र्याच्या खोलीत ठेवल्यास आतला गोंद घट्ट होत जातो, आणि त्यात पाणी घालून तो पातळ केला तर पकड कमी होते. झाकण घट्ट लावून डबा घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा.