तारकर्लीचे डॉल्फिन की ऐरोलीचे फ्लेमिंगो?

आम्ही ठाणेकर, त्यामुळे आधी रात्रीची ट्रेन, कुडाळला उतरून मालवण, मग पहाटे पहाटे बोट असा सगळा घाट घातला. सकाळी लवकरच जा हां, समुद्र शांत असतो आणि पाण्यावर उठलेली पाठ लांबून दिसते, ऊन चढलं वारा सुटला की नुसत्या लाटाच बघत बसायचं. आम्हाला डॉल्फिन दिसले, तीन-चार असतील, पण उड्याबिड्या काही नाही, फक्त करडी पाठ वर येते, फुस्स करून श्वास घेते आणि गायब, आणि तेवढ्यात चार बोटी तिकडेच सुसाट, मला ते अजिबात नाही आवडलं. आई तर अर्धा वेळ उलटीची पिशवी धरून.

ऐरोलीला मात्र खाडी, लाटा नाहीत, आई मस्त. ठाणे खाडीचं हे अभयारण्य 2015 चं आणि 2022 पासून रामसर साइट पण, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नोव्हेंबर ते मे सीझन, बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते म्हणून आधी वेळ बघूनच निघा. फ्लेमिंगो म्हणजे आपले रोहित, लहान-मोठे दोन्ही प्रकार, चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन गुलाबी झालेले, हजारोंनी. वास येतो खाडीचा, ते खरंय.

पावसाळ्यात दोन्हीकडे काही नाही. लेकीला विचारलं तर म्हणते डॉल्फिनच, कारण तिकडे सोलकढी होती.